दोन हजार सहाशे एकोणीस पाखरं

तळ्याकाठची पंपाची जुनी खोली मंडळाला मिळाली, तर चिटणीसांच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी पाहून घेऊ. पहिला त्यांचा स्वतःचा सोफा. त्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सहा माणसं बसत आणि त्यातली दोन सोफ्याच्या हातांवर. दुसरी बाथरूम. तीस-एक पोक्त माणसांच्या सभेत बाथरूम विषयपत्रिकेवर कधीच नसते, पण सभासद तिच्याकडे सारखे वळत असतात. आणि तिसरं चिटणीसपद. खरी मेख या तिसऱ्यातच होती.

झालं असं की वर्षाच्या पहिल्या सभेनंतर एकतीस कप विसळून, पालथे घालून, हात पदराला पुसत चिटणीसांच्या बायको बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, वर्ष संपायच्या आत एक काहीतरी घराबाहेर जाऊ दे. मंडळ, नाहीतर तुमचं चिटणीसपद. दोघांना मिळून चहा पाजणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

बाई आवाज चढवत नसत. चढवला असता तर चिटणीसांना बरं वाटलं असतं. चढलेला आवाज उतरतो तरी. शांत आवाजात सांगितलेल्या गोष्टी त्या घरात पाळल्या जात. मुलगी याच आवाजामुळे परगावी शिकायला गेली होती आणि भिंतीवरचं घड्याळ याच आवाजामुळे स्वयंपाकघरात गेलं होतं.

चिटणीसपद सोडणं म्हणजे काय, हे मात्र बाईंना कळणं कठीण होतं. चिटणीस चौतीस वर्षं एका विमा कंपनीच्या दप्तरखान्यात होते. तिथं रोज शेकडो कागद त्यांच्या हातावरून गेले, पण एकाही कागदावर त्यांची सही लागली नाही. मंडळात त्यांच्या सहीशिवाय सहलीची बस हलत नसे. डाव्या बाजूला अध्यक्ष, उजव्या बाजूला चिटणीस, मध्ये गोल शिक्का. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा शिक्का शर्टाच्या खिशात बाळगला होता आणि झोपताना उशाशी ठेवला नव्हता, एवढंच.

मंडळाचं नाव निसर्गस्नेही मंडळ. महिन्याला एक सहल आणि सहलीला एक सत्कार्य, असा नियम. सत्कार्य जेवणाआधी की जेवणानंतर, यावर सात वर्षं वाद चालू होता. आधी केलं तर भूक लागून सत्कार्य उरकलं जाई, नंतर ठेवलं तर सभासद सावली शोधत. तरी नोंदवहीत बरंच काही होतं. टेकडीवर शंभर रोपं लावली होती. त्यातली अकरा जगली आणि त्यांना ती कोणी लावली हे सांगायची सोय नव्हती. कापडी पिशव्या वाटल्या होत्या, प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकच्या वेष्टनात, कारण ती मळू नये. नदीकाठ साफ करून सदतीस चपला काढल्या होत्या आणि त्या सगळ्या डाव्या पायाच्या निघाल्या. उजव्या पायाच्या कुठं गेल्या, यावर पुढल्या सहलीत बसमध्ये दीड तास चर्चा झाली.

तर चिटणीस खोली मागायला पाणीखात्यात गेले.

खोली बारा वर्षं रिकामी होती, हे खिडकीतल्या कारकुनालाही मान्य होतं. पण ती आजवर कोणी मागितलीच नव्हती, त्यामुळे ती कशी द्यायची हे खात्यात कोणाला माहीत नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा काही नियम लागतो आणि तोही नव्हता. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला कारकुनाला दया आली. त्यानं सांगितलं, वरच्या मजल्यावर पर्यावरण शाखा आहे. उल्लेखनीय कार्य असलेल्या संस्थेला ती शाखा शिफारसपत्र देते आणि शिफारसपत्र असलं की नियम शोधता येतो. चिटणीसांनी चपलांचा उल्लेख केला. चपला चालत नाहीत, असं कळलं. पक्षी चालतात. या वर्षी खात्यानं पक्षीगणना काढलीय, तळ्यावरचे पाणपक्षी मोजा, तक्ता तीन प्रतींत भरा आणि आणून द्या.

घरी येताना जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे वीजखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मीटर वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट मोजायची निघाली की त्यांना तो आपल्याच घरचा विषय वाटे. एका जागेवरून मोजू नका, असं त्यांनी बजावलं. तळं गोल आहे, एका बाजूनं मोजाल तर पलीकडचं सुटेल, चारी काठांवर चार गट उभे करा. चिटणीसांना हे इतकं पटलं की त्यांनी तिथंच जिन्यात वहीत टिपून घेतलं.

पुढच्या महिन्याची सहल तळ्यावर निघाली. सकाळी सातला चार गट चार काठांना लागले. उत्तरेला निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा गट, दक्षिणेला ऑडिटरांचा, पूर्वेला दातांच्या डॉक्टरांचा आणि पश्चिमेला खुद्द अध्यक्षांचा. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं आणि मंडळाच्या खुर्च्या तिथून येत, म्हणून ते अध्यक्ष होते. चिटणीस मध्ये बांधावर शिट्टी घेऊन. शिट्टी वाजली की मोजणी सुरू, दुसरी वाजली की बंद. पहिल्या शिट्टीला निम्मी बदकं उडाली, दोन घिरट्या घालून परत उतरली, आणि ती उडताना एकदा नि उतरताना एकदा मोजायची का, असा प्रश्न पूर्वेकडून ओरडून विचारला गेला.

मुख्याध्यापिकाबाईंच्या गटात एकशे बासष्ट पक्षी निघाले. शाळेत हजेरी घ्यायची सवय, आकडा खणखणीत. ऑडिटरांकडे एकशे नव्वद. डॉक्टरांना हे दोन आकडे डबे उघडताना कळले. आपल्या गटात काही तरी राहून गेलं असणार असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी जेवण बाजूला ठेवून पुन्हा मोजलं आणि दोनशे चौदा भरले. अध्यक्षांनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग हात धुतले, चष्मा पुसला आणि आपल्या गटाचा आकडा जाहीर केला. तीनशे सात.

ऑडिटरांनी बेरीज केली. वरून खाली केली, खालून वर केली. आठशे त्र्याहत्तर. गेल्या चाळीस वर्षांत ऑडिटरांची बेरीज चुकलेली नव्हती आणि त्या दिवशीही चुकली नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी एक शंका काढली. तळं एकच आहे ना, मग चारही गटांनी तीच बदकं मोजली नसतील कशावरून? मग अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले की प्रत्येक गटानं आपापल्या डोळ्यांनी पाहिलंय, कोणाची मेहनत अशी वाऱ्यावर सोडून चालणार नाही, आणि मंडळ लोकशाही पद्धतीनं चालतं. हात वर करून मतं घेतली. आठशे त्र्याहत्तर पक्षी एकोणतीस विरुद्ध एक अशा बहुमतानं मंजूर झाले. चिटणीसांनी मत दिलं नाही, कारण ते हात मोजत होते. त्यांच्या मनातही शंका चुळबुळली होती. पण डोळ्यांपुढे पंपाची खोली होती, खोलीत एकतीस खुर्च्या होत्या आणि घरी रिकामा सोफा होता. त्यांनी तीन प्रती काढल्या, तिन्हींवर सही केली आणि तिन्हींवर शिक्का उमटवला.

तीन आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं. मंडळाच्या स्पृहणीय कार्याबद्दल अभिनंदन. सदर तळ्यावर दोन हजार सहाशे एकोणीस पाणपक्ष्यांची नोंद झाली असून ही संख्या विभागात सर्वाधिक आहे. सबब पर्यावरण शाखेच्या मुख्य अधिकारी बाई येत्या चौथ्या रविवारी सकाळी समक्ष पाहणीस येतील.

चिटणीसांनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी आठशे त्र्याहत्तर गुणिले तीन करून पाहिलं आणि ते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीत हजर. कारकुनानं फाईल काढून दाखवली. तीन कागद आले, तिन्हींवर आकडा होता, तिन्हींची बेरीज केली. प्रती होत्या त्या? मग वर "प्रत" लिहायला हवं होतं. दुरुस्ती करता येते, पण दुरुस्तीच्या अर्जात कारण द्यावं लागतं, आणि छापलेल्या पाच कारणांत कारकुनाची चूक हे कारण नाही. शिवाय आकडा वर गेलाय, वार्षिक अहवालात छापूनही झालाय. चिटणीसांनी विचारलं, मग आता काय करायचं? कारकून म्हणाला, "करायचं काय? पक्षी दाखवा. नाहीतर खोटी माहिती दिली म्हणून मंडळाची नोंदणी रद्द. सही तुमचीच आहे ना?"

चौतीस वर्षं सही नव्हती म्हणून झुरलेला माणूस त्या सहीकडे बघत राहिला. आता चिटणीसपद घरच्या सांगण्यानं जायच्या आधी खात्याच्या हुकमानंच जायची वेळ आली होती, आणि तेही खोटारडा म्हणून.

तातडीची सभा अर्थातच चिटणीसांच्या घरी भरली. एकतीस कप. खालचे शेजारी सभासद नव्हते, पण दारात उभे राहून त्यांनी तोडगा दिला: पाखरू पोटाच्या मागे जातं, दाणे टाका, चार दिवसांत झुंबड उडेल. ठराव झाला. दुसऱ्या सकाळपासून चिटणीस बाजरीची पिशवी घेऊन तळ्यावर जाऊ लागले. झुंबड उडाली, त्यात खोट नाही. पण ती कबुतरांची आणि कावळ्यांची. बदकं पाण्यात राहून लांबून हा सोहळा बघत होती. पाचव्या दिवशी कबुतरांना पिशवीचा मालक ओळखू येऊ लागला. सहाव्या दिवशी ती त्याच्या मागोमाग घरापर्यंत आली. आठव्या दिवशी बाईंनी बाल्कनीतली वाळत घातलेली चादर आत आणली, ती उलगडून नवऱ्यासमोर धरली आणि एवढंच विचारलं, "आता ह्यांचीही सभा इथंच का?"

चादर चिटणीसांनी स्वतः धुतली.

पाहणीचा रविवार उजाडला. सगळे सभासद पांढऱ्या टोप्या घालून बांधावर ओळीनं उभे. मुख्य अधिकारी बाई आल्या, सोबत एक मदतनीस आणि गळ्यात दुर्बीण. त्या बारीक चणीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे अध्यक्षांना भाषणाला ऐसपैस जागा मिळाली. पर्यावरण म्हणजे आपली माता, इथून सुरू करून ते आपल्या दुकानातलं लाकूड कसं पडलेल्या झाडांचंच असतं इथपर्यंत आले. चिटणीस तळ्याकडे बघत होते. पाण्यात नेहमीची बदकं, नेहमीच्या पाणकोंबड्या, दोन बगळे. दोन हजार सहाशे एकोणीसमधले बाकीचे आज रजेवर होते.

आणि पलीकडच्या लव्हाळ्यातून काहीतरी पिवळं बाहेर पडलं.

डॉक्टरांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात न रडता दात काढू देणाऱ्या मुलाला एक प्लॅस्टिकचं बदक बक्षीस मिळत असे. हल्ली मुलं फार रडत, त्यामुळे साठा भरपूर होता. पहाटे येऊन त्यांनी दोन डझन बदकं लव्हाळ्यात सोडली होती. लांबून पाहणाऱ्याला गर्दी वाटावी, एवढाच हेतू. पण वारा बांधाच्या दिशेनं होता. चोवीस पिवळी बदकं एका ओळीत, एका वेगानं, अजिबात मान न हलवता, थेट अधिकारी बाईंकडे निघाली. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात इतकी शिस्त यापूर्वी दिसली नव्हती.

अध्यक्षांचं भाषण मातेपाशी परत आलं आणि तिथंच थांबलं. पहिलं बदक काठाला लागलं. अधिकारी बाईंनी वाकून ते उचललं आणि दाबलं. ते वाजलं. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ही सोडून," अधिकारी बाई म्हणाल्या, "खरे पक्षी किती आहेत?"

अध्यक्षांनी चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीसांनी ऑडिटरांकडे पाहिलं. आपण फक्त बेरीज करतो, असं ऑडिटर पुटपुटले. डॉक्टर आपल्या बुटाची नाडी बांधत होते आणि ती बरीच लांब असावी.

"एकशे अठ्ठावन्न," मागून आवाज आला.

चिटणीसांच्या बायको बांधाच्या कठड्यावर कप मांडून थर्मासमधून चहा ओतत होत्या. पाहुण्यांचा चहा तुमच्याकडून, असं अध्यक्षांनी परस्पर ठरवून टाकलं होतं म्हणून त्या आल्या होत्या. मान वर न करता त्यांनी पुढचा कप भरला.

"तुम्ही कुठल्या गटात?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी कुठल्याच गटात नाही. मी चहा आणलाय."

अधिकारी बाईंनी दुर्बीण लावली. मदतनिसानं वही काढली. वीस मिनिटं कोणी हललं नाही. चहा गार होत होता आणि तो प्यावा की पिऊ नये, हे मंडळाच्या घटनेत नव्हतं. शेवटी मदतनीस म्हणाला, एकशे सत्तावन्न.

"एक खाली गेलंय," चिटणीसांच्या बायको म्हणाल्या. "थांबा, येईल."

सगळे थांबले. लव्हाळ्याशी पाणी हललं, एक पाणकावळा वर आला, त्यानं मान झटकली आणि एकतीस निसर्गस्नेह्यांकडे तुच्छतेनं पाहिलं.

अधिकारी बाईंनी दुर्बीण खाली घेतली. "कसं मोजलंत हो हे?"

"त्यात काय," बाई म्हणाल्या. "महिन्यातून एकदा माझ्या दारातून एवढी माणसं आत येतात. तीही अशीच, एकमेकांच्या आडून, जागा बदलत. कप किती भरायचे ते एका नजरेत कळावं लागतं. फक्त एक सांभाळायचं, दोनदा येणारा ओळखता आला पाहिजे. तो कळला की मोजणं सोपं." आणि हे म्हणताना त्यांनी अध्यक्षांच्या हातात दुसरा कप दिला.

त्यानंतरचे बारा दिवस चिटणीसांना जेवण गेलं नाही. नोंदणी रद्द होणार, वर्तमानपत्रात येणार, खालचे शेजारी ते जिन्यात मोठ्यानं वाचणार. राजीनाम्याचा मसुदा त्यांनी तीनदा लिहिला आणि तिन्ही प्रतींवर ठळक अक्षरांत "प्रत" असं लिहिलं.

तेराव्या दिवशी पत्र आलं. सरकारी अक्कल कशी चालते, हे चिटणीसांना वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. अहवालात छापलेला आकडा चुकीचा म्हणणं खात्याला शक्य नव्हतं. त्यावर वरिष्ठांची सही होती. म्हणजे पूर्वी दोन हजार सहाशे एकोणीस पक्षी होतेच. आता एकशे अठ्ठावन्न आहेत, हेही समक्ष पाहिलेलं. मग मधल्या काळात उरलेले गेले, ते कशामुळे? तर मंडळाच्या सहलींच्या गोंगाटामुळे, शिट्टीमुळे आणि पाण्यात प्लॅस्टिक सोडल्यामुळे. सबब तळं शांतता क्षेत्र. तीनपेक्षा जास्त माणसांना एका वेळी बंदी. मंडळाची नोंदणी मात्र कायम, कारण सर्वाधिक पक्षी शोधून काढणारी संस्था तीच. तिला "पक्षीमित्र संस्था" असा दर्जा देण्यात येत आहे आणि या दर्जास अनुसरून तिनं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सभा घेऊन कार्यवृत्त खात्यास द्यावं. सभा नोंदणीकृत पत्त्यावरच घ्यावी.

नोंदणीकृत पत्ता म्हणजे चिटणीसांचं घर.

शेवटचं कलम बाईंनी मोठ्यानं वाचलं, कारण चिटणीसांचा चष्मा धुरकटला होता. त्याच दिवशी त्याच वेळी तळ्यावर मासिक गणना होईल. त्यासाठी आधीच्या गणनेत भाग न घेतलेली व्यक्ती मानद गणक म्हणून नेमावी लागते, ती म्हणजे सौ. चिटणीस. सोबत एक सहायक त्यांनी निवडावा. गणनेच्या सोयीसाठी पंपाची खोली त्यांच्या ताब्यात देण्यात येत आहे. किल्ली सोबत जोडली आहे.

बाईंनी पाकीट उलटं केलं. किल्ली टेबलावर पडली.

"म्हणजे," चिटणीस म्हणाले, "रविवारी तू घरी..."

"सरकारी काम आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं चिटणीसपद राहू दे की. आता माझं काही म्हणणं नाही."

त्याला आता चार महिने झाले. पाखरांना शांतता मिळाली. खात्याचा आकडा अब्रूनिशी वाचला. अध्यक्षांना चौकटीत घालायला दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं आणि ते दुकानात गल्ल्याच्या वर लागलं. डॉक्टरांची तेवीस बदकं परत आली. एक पुरावा म्हणून फाईलला लावलंय. चिटणीसांच्या बायकोला पाण्याकडे तोंड करून उघडणारी खिडकी, खात्याची दुर्बीण आणि सहायक म्हणून मुख्याध्यापिकाबाई मिळाल्या. दोघी मोजतात दहा मिनिटं आणि बसतात दोन तास.

आणि दुसऱ्या रविवारी दहा वाजता एक गृहस्थ गॅसपाशी उभे असतात, खिशात गोल शिक्का, हातात गाळणं. मुख्याध्यापिकाबाई नाहीत म्हणून एक कप कमी लागेल, असा त्यांचा अंदाज होता. पण कार्यवृत्त न्यायला खिडकीतला कारकून जातीनं येऊ लागला आहे आणि तो दोनदा घेतो. बत्तीस कप भरायचे, बत्तीस विसळायचे. बाहेरून अध्यक्ष हाक मारून विचारतात, चिटणीस, साखर जरा बेताची का आज? आणि चिटणीस आतून सांगतात की ठराव मांडा, अनुमोदन घ्या, मग बघू.